रास्त भाव

हार्टफर्ड. जानेवारीची एकोणीस, पण कागदावर
अजून एकतीस डिसेंबरच चालू आहे.
मोजमापाची तारीख हलत नाही.
खाली बर्फ काढणारी गाडी तिसऱ्यांदा फिरून गेली.

न्यू ब्रिटनची बेअरिंगची कंपनी. तिचे रोखे
कुठल्याच बाजारात विकले जात नाहीत.
म्हणजे तिसरा स्तर: भाव दिसत नाही,
दिसला असता तर काय असता, ते लिहायचं.
नियम म्हणतो, दोघांची कल्पना करा:
एक विकणारा, ज्याला घाई नाही,
एक घेणारा, ज्याच्यावर जबरदस्ती नाही,
दोघंही जाणते, दोघंही शांत.
अकरा वर्षं मी या दोघांच्या वतीने बोलते.
चेहरे अजून दिसले नाहीत.

वडिलांच्या दाराशी पाटी होती:
रास्त भाव दुकान क्रमांक सत्तावीस, तालुका पारोळा.
(माझ्या अहवालावरही तेच शब्द आहेत, इंग्रजीत.)
तिथे येणाऱ्या प्रत्येकाला घाई असायची.
भाव वरून यायचा, वडील नुसता खडूने लिहायचे,
साखर, रॉकेल, पामतेल, शिल्लक निरंक.
अंदाजपंचे दाहोदरसे इथे चालत नाही, म्हणायचे,
आणि पारड्याखाली बोट फिरवून बघायचे.
पोरीला पगार अंदाजाचाच मिळतो,
फक्त तो चार दशांशांपर्यंत करावा लागतो,
हे त्यांना सांगायचं राहिलं.

चार वाजता ग्लेंडा ओकेंडोचा फोन, कंपनीची हिशेबनीस.
मोठं गिऱ्हाईक गेलं. दुसरी पाळी बंद.
मी दर अकरावरून साडेचौदा केला.
रोखे ब्याण्णववरून एकोणऐंशीवर उतरले.
"मग आमचं नुकसान किती?"
नुकसान नाही, मी म्हटलं. लाभ.
तुम्ही फेडाल याची खात्री कमी झाली,
म्हणून तुमचं देणं हलकं झालं.
नफ्यात नाही धरायचा तो,
त्याला वेगळा रकाना आहे.
पलीकडे बराच वेळ नुसता यंत्रांचा आवाज.
मग ती म्हणाली, "शुक्रवारी चाळीस माणसं जातायत.
त्यांना सांगू का हे?"

ऑडिटर पोरगा, विन्स्लो, विचारतो:
साडेचौदाच का? पंधरा का नाही?
मी सोळा पानं देते. त्यात खरं वाक्य एकच:
या दराबाबत जाणत्यांचं दुमत होऊ शकतं.

दुकानाची जागा दोघांच्या नावावर झाली तेव्हा
दिगूला म्हटलं होतं, सहीला येते, दिवाळीत.
पहिली दोन वर्षं तो विचारायचा, कधी?
मग नुसतं, बघ जमलं तर.
आता विचारतच नाही.
माझं देणं त्याने आपल्या वहीत
कधीच उतरवून ठेवलं असणार, न सांगता.
आणि खरं सांगायचं तर
मलाही हलकं वाटतं.

रात्री त्याचा फोन येतो.
बर्फ किती पडलं तिकडे?
फूटभर, मी म्हणते. खिडकीतून बघत,
अंदाजे.