चढणीवरचे वायपर

पाऊस इथे पडत नाही, मुक्कामालाच असतो.
ऑक्टोबर लागला की ॲस्टोरियात
नदी कुठे संपली, समुद्र कुठे लागला
कोणी विचारत नाही.

बाबांची हडसन, एक्कावन्न सालची,
अकरा वर्षं ताडपत्रीखाली.
बॅटरी नवी घातली, इंजिननं दुसऱ्या हाकेला ओ दिली.
वायपर मात्र काचेच्या मधोमध उभे,
उत्तर न आठवलेल्या पोरांसारखे.

अर्वो निएमेला, वय एक्याऐंशी,
जन्मभर कॅनरीचे बॉयलर सांभाळलेला.
म्हणाला, यांना वीज लागत नाही गं,
हे इंजिनच्या श्वासावर चालतात.
इंजिन हवा आत ओढतं,
त्यातला एक घोट नळीतून यांना.
पाय दाबलास की ओढ सरली.
म्हणजे चढावर, म्हणजे लाकडाचा ट्रक ओलांडताना,
म्हणजे नेमकं दिसायला हवं तेव्हाच.

असं यंत्र कोणी केलं असेल?

सपाट गावातल्या माणसानं, अर्वो म्हणाला.

आधी नळी. इंजिनकडचं टोक सोडवलं.
अंगठा लाव. लावला.
वासरू बोट चोखतं तसा धरला त्यानं.
इथवर ठीक.
काचेखालच्या टोकाला लावला, तर काहीच नाही.
मधेच कुठेतरी ओढ हरवत होती.
अर्वो बागेच्या पाइपचा तुकडा कानाला लावून
डॅशबोर्डखाली आडवा झाला, गुडघे बाहेर,
आणि मला म्हणाला, श्वास घेऊ नकोस.
स्स्स. केसाएवढी भेग.

नवी नळी. वायपर वीतभर हलले, थांबले.
मोटर उघडली. आतली चामड्याची पट्टी
सुक्या मासळीसारखी कडक.
तिला रात्रभर तेलात घातलं.

मग पंप.
पेट्रोलच्या पंपाच्या माथ्यावर अजून एक पंप असतो,
चढावर उणी पडलेली ओढ भरून काढायला.
त्याची नळी जोडलेलीच नव्हती.
नळीच्या तोंडात सीडरची खुंटी,
चाकूनं तासलेली, घट्ट.

हे तुझ्या बापाचं काम, अर्वो म्हणाला.
आतला पडदा फाटला असणार.
मग इंजिन तेल पितं, धूर सोडतं.
नवा पंप घ्यायचा तर ते साल आठव,
जाळ्यात ओंडके येत होते, सामन नाही.

मला साल आठवलं नाही. दोरी आठवली.

जाळ्याचीच, डांबर लावलेली,
दोन्ही वायपरना बांधून
पुढच्या त्रिकोणी खिडक्यांतून आत,
मागच्या बाकावर आमच्या मुठींत.
डावीकडे मी, उजवीकडे वेइक्को.
सोळाव्या रस्त्याचा चढ लागला की
बाबा मागे न बघता म्हणायचे
ऐला. वेइक्को. ऐला. वेइक्को.
आई मांडीवर टॉवेल घेऊन बसायची,
उघड्या खिडकीतला पाऊस झेलत.
माझी समजूत, सगळ्यांच्या गाड्या अशाच चालतात,
दोन्ही बाजूंना एकेक पोर लावून.

वेइक्को आता फेअरबँक्सला.
बोट विकली तेव्हापासून बोलत नाही.

खिडकीच्या कडेला रंगात एक खाच आहे,
दोरीनं पाडलेली. दोन्हीकडे.
उजवीकडची जास्त खोल.
हे मला आत्ता कळलं.

पडदा ओहायोहून आला, पाकिटात, पोळीएवढा पातळ.
गुरुवारी, धो धो पावसात, चढ घेतला.
पाय दाबला. वायपर रेंगाळले,
विचारात पडल्यासारखे,
पण थांबले नाहीत.
मी कान दिला. नावं नव्हती.
रबर काचेवर घासत होतं, इतकंच,
आणि डावा वायपर एक पाचर कोरी सोडत होता.

वर पोचल्यावर अर्वोनं विचारलं, दोरी आहे का अजून?
डिकीत.
असू दे, तो म्हणाला. पडदे परत फाटतात.
आणि उजवीकडची खिडकी
उगाच थोडी उघडून बसला.