थांगपत्ता

डिसेंबरात इवालोला सूर्य उगवत नाही,
म्हणून बिघाड सकाळी झाला की रात्री
हे मला शपथेवर सांगता यायचं नाही.

तायस्तोनं जुन्या बाजारातून एक सीडी आणली,
पन्नास सेंटला. तळ्याची खोली दाखवणारी.
वेष्टनावर साल दोन हजार तीन
आणि आ वासलेला एक मासा.
चालेल, म्हणाला. त्याला सगळंच चालतं.

कॉम्प्युटरला नाही चाललं.
तळ्याचा थांग लागला नाही तो नाहीच,
वर घरातला पत्ताही गेला :
पडद्याच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण,
आत उद्गारचिन्ह, ताठ, पोलिसासारखं.

रविवारी चार वाजता नॉर्वेहून बहीण दिसते.
या रविवारी
दिसली नाही.

मी बत्तीस वर्षं इथं टपाल वाटलंय.
फाट्यावर ओळीनं उभ्या पेट्या,
त्यांच्यावरचा बर्फ कोपरानं झाडायचा,
मग झाकण, मग पत्र.
एकदा पाकिटावर नुसतंच :
'मार्था, जिचा कुत्रा तीन पायांचा, तळ्याच्या उत्तरेला.'
दोन दिवस लागले. पोचवलं.

शेजारचा यालो औलूला शिकतो, त्याला फोन लावला.
काळी खिडकी उघडा, म्हणाला,
मी सांगतो ते टाइप करा, आता काय दिसतंय?
चष्मा कपाळावरून खाली ओढून वाचलं :
एकशे एकोणसत्तर, टिंब, दोनशे चोपन्न, टिंब...
पुढचं राहू द्या, तो म्हणाला. हा खरा नव्हे.
खरा नव्हे म्हणजे?
म्हणजे आउलिक्की, कॉम्प्युटर राउटरला पत्ता मागतो.
हाका मारतो. कुणी ओ दिली नाही
की थोडं थांबतो
आणि आपला आपणच एक ठरवून
तिथं राहायला लागतो.

मला नेल्लिमच्या रस्त्यावरचा ऊनो आठवला.
चार घरांचा रस्ता, आणि यानं पेटीवर
लाल रंगानं सात रंगवलेला.
सातला कधी काही आलं नाही.
मी जाहिरातींची पत्रकं टाकायचे,
नियमात बसत नव्हतं तरी.

हॅलो? यालो म्हणाला. आहात ना?

राउटर बंद. तीस आकडे. चालू. नाही.
वायर उलटी लावून पाहिली. नाही.
रिलीज. रिन्यू. 'वेळ संपली.'
किती सभ्य भाषेत नाही म्हणतात ही यंत्रं.
शेवटी यालो म्हणाला, ते तळं काढावंच लागेल,
त्यानं स्वतःची कसलीशी कडी घुसवलीय मधे,
नव्या दाराला ती बसत नाही.
कॉम्प्युटरनं विचारलं : नक्की काढायचं?
तायस्तो शेगडीत लाकूड सारत होता,
सारलेलंच पुन्हा सारत होता.
नक्की, मी दाबलं.

मग एक लांबलचक ओळ, अक्षर अक्षर सांगून,
दोनदा चुकले, तिसऱ्यांदा यालोच चुकला.
रीस्टार्ट. कॉफी. पंख्याची घरघर.
रिन्यू.

एकशे ब्याण्णव. एकशे अडुसष्ट. एक. चौदा.

मी मोठ्यानं वाचला, फाट्यावर उभी असल्यासारखी.
चोवीस तासांच्या बोलीवर मिळतो, यालो म्हणाला,
पुढं तो आपला आपण वाढवून घेतो.
मागून घेतो ना पण?
हो, मागून.
मग हरकत नाही.

मंगळवारी बहीण दिसली. म्हणाली,
तळघरात बसल्यासारखी का दिसतेस?
दिवा लाव की.

तायस्तो घरात नव्हता.
कपाळाला दिवा, हातात गिरमिट,
शिशाचं वजन बांधलेली गाठींची दोरी :
बर्फाला भोक पाडून तो खाली सोडत होता
आणि दर भोकाला किनाऱ्याकडे ओरडत होता,
पाच वाव! सात वाव! इथं लागतच नाही!

मी खिडकी किलकिली केली,
बहिणीला म्हटलं, थांब जरा,
आणि वीजबिलाच्या पाकिटावर
लिहून घेतलं.