बेंबी जागेवर

एकशे अठरातून एक्कावन्न गेले,
बाकी सदुसष्ट.
वजाबाकी बरोबर आहे,
पण हातचा राहिलाय:
कमरेभोवती, दंडांखाली, मांड्यांच्या आतून
लोंबतोय.

दांडिया बाजारात तो कुणाला दिसत नाही.
साडीत सगळं मावतं.
"वृंदावहिनी, अर्ध्या झालात की!"
आणि मी उरलेली अर्धी
निऱ्यांमागे दाबून धरते.
रात्री कुशीवर वळले
की ती वळते माझ्यानंतर,
क्षणभर उशिरा.

वैशाखात घडीत घाम, पुरळ, पावडरचा चिखल.
केतकीला म्हटलं, हे काही नटणं नव्हे हं.
ती म्हणाली, असलं नटणं तरी काय गं बिघडलं?

अलकापुरीत डॉक्टर त्रिवेदीबेन
माझं पोट चिमटीत धरून
ताग्याचा पन्हा बघावा तसं बघतात.
"सहा महिने काटा हलला नाही ना?
हिमोग्लोबिन बारावर आणा. प्रोटीन वाढवा.
आधी पोट. मांड्या पुढच्या वर्षी. दंड शेवटी.
बधुं एकसाथे नहीं थाय, बेन."
वाढलं तेव्हाही एकदम नव्हतं वाढलं,
हे मी मनात.

दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर:
दोन लाख साठ हजार. विमावाले म्हणतात, हौस.
एफडी मोडणे. पाटल्या नाही.
नळ्या दोन, आठवडाभर.
पट्टा सहा आठवडे, कुकर उचलायचा नाही.
गुडघ्यांखाली लोड, चालायचं वाकून.
यांना चहापलीकडे काही येत नाही;
मुगाची खिचडी शिकवणे.
तारीख नवरात्रानंतरची.
कारण नवरात्रात मी खेळणार आहे,
एकोणीस वर्षांनी,
ह्या सगळ्या घोळासकट.
मी टाळी दिली की मागून दंडही देतील,
देऊ देत.

त्या दिवशी सकाळी म्हणे उभं करतात
आणि जांभळ्या पेनाने रेघा मारतात.
उभंच का?
आडवं पडलं की कातडी खोटं बोलते.

मग कागदावर चित्र.
इथून इथपर्यंत जाईल, म्हणाल्या.
त्या इथून-इथपर्यंतमध्ये
केतकीच्या वेळचे टाके होते.
ती शेजारीच वाकून बघत होती.
"म्हणजे माझं दार जाणार," म्हणाली, हसली.
मला काही हसू आलं नाही.
त्या दाराच्या जरा वर
तेवीस वर्षं परकराची नाडी बांधली मी,
रोज एकदा तरी बोट लागायचंच.

"किती भरेल?"
"तीन किलोच्या आसपास."
"आणि त्याचं पुढे?"
"पिवळी पिशवी."
केतकी भरली होती दोन किलो नऊशे.
हे मी कुणालाच बोलले नाही,
रिक्षात सुरसागर येईपर्यंत बाहेर बघत बसले.

हां, बेंबीचं राहिलं.
बेंबी जागेवर, म्हणाल्या. देठासकट.
वरची कातडी खाली ओढायची,
नवं भोक पाडायचं
आणि तिला त्यातून बाहेर बघू द्यायचं.
म्हणजे सगळं सरकणार तिच्याभोवती,
ती नाही.

घरी आले, न्हाणीची कडी लावली,
पोटाचा पडदा उचलून शोधली.
होती.
पोटात दुखलं की आई इथं
हिंग कालवून लावायची,
कोमट पाण्यात, करंगळीने, गोल गोल,
आणि वर फुंकर.
आई जाऊन सव्वीस वर्षं झाली.
तिने मला एकशे अठराची पाहिली नाही,
सदुसष्टचीही नाही.

रात्री वही पुन्हा काढली.
खिचडीच्या ओळीत जागा होती थोडी,
तिथे बारीक अक्षरात लिहिलं:
हिंग विसरतील, दोनदा सांगणे.