विरी गेलेलं पीठ

लेंगऱ्याहून शाळूचं पीठ यायचं त्रिशूरला
मिरजेच्या रेल्वेनं, कुणातरी पावण्याच्या बाकड्याखाली,
पत्र्याच्या डब्यात,
वर आत्तीच्या जुन्या लुगड्याची गाठ.
तिथल्या दमट हवेत
महिन्याभरात त्याची विरी जायची.

आई गरम पाणी घालायची,
तळव्याच्या टाचेनं रगड रगड रगडायची,
तरी भाकरी काठाकडनं फाटायची,
उचलली की मधोमध चीर.
"हितल्या हवेला हाडच न्हाई," म्हणायची
आणि डबा घेऊन उकिरड्याकडं निघायची.

भिंतीपलीकडनं एलीअम्मा बघायची.
तिला मराठी येत नव्हतं, आईला मल्याळम.
एकदा तिनं वाटेतच डबा धरला,
चिमटीत पीठ घेतलं, बोटांतून सोडलं,
सुटं सुटं, वाळूगत,
आणि हसली,
जसं काही तिचंच हरवलेलं सापडलं होतं.
घरात जाऊन एक नळी घेऊन आली.

पिठाला पाण्याचा नुसता हबका.
खोबऱ्याचा थर, पिठाचा थर, परत खोबरं.
खाली पाणी उकळतंय,
वरच्या भोकातून वाफ सुटली की काडीनं ढकलायचं.
ताटात पडलं वीतभर लांब काहीतरी,
बोट लावलं की ढासळणारं.
न चिकटणारं पीठच लागतं म्हणे ह्याला.

आण्णांची गलाईची भट्टी होती:
सोनारांच्या दुकानातली झाडलोट, मुशी, तेजाब,
पिवळा धूर.
दुसऱ्याच्या धुळीतून सोनं काढता काढता
पंधरा वर्षांत त्यांचं नाक गेलं.
वास कशाचाच नाही, चव फक्त तिखटाची.
जेवण त्यांना ऐकू यायचं.
थापायचा आवाज आला की हात धुवायला उठायचे.

त्या रात्री आवाज आला नाही.
ताट पुढ्यात आलं तरी ते बसूनच.
"भाकरी?"
"हीच."
त्यांनी त्यावर चटणी कुस्करली,
खाल्लं, बोलले काहीच नाहीत.
सकाळी विचारलं, रातचं उरलंय का.

तिथं मी सेटूचा पोरगा.
उन्हाळ्यात गावी आलो की मद्राशी,
डोक्याला खोबरेल, बोलताना हेल,
आणि पिशवीत केळ्याचे वेफर,
ते मात्र सगळे मागून खायचे.

भट्टी विकली. आता लेंगऱ्यातच आहोत.
शाळू आपल्या रानातला,
गिरणीतून पीठ येतं ते हाताला चटका देणारं,
भाकरी अशी फुगते की चुलतीसुद्धा बघत राहते.
पण त्या पिठाचं नळीत काही होत नाही.
गोळा होतो, काडी वाकते.

म्हणून आई पीठ मागं ठेवते.
फळीवर, कोपऱ्यातला डबा, कुणी हात लावायचा नाही.
इथली हवा कोरडी, विरी लवकर जात नाही,
दोन महिने, कधी अडीच.
मधूनच चिमटीत घेऊन बघते, झाकण लावते.
चुलती म्हणते, "अगं, म्हातारं झालं ते पीठ,
म्हशीला घाल."
आई म्हणते, "हूं."

नारळ विट्याच्या बाजारातून, महाग.
गल्लीतली पोरं दारात येऊन विचारतात,
"काकू, आज नळीची भाकरी हाय का?"
एलीअम्मा गेली तेव्हा तिच्या लेकाचा फोन आला होता.
आईनं फोन धरला, रडली,
आणि जे बोलली त्यातलं निम्मं मल्याळम होतं.
आम्हाला ते माहीतच नव्हतं.

नळीचा बेत असला की
चुलीवर नुसती वाफेची फुसफुस.
आण्णा सोप्यात बसलेले, कान आतल्या बाजूला.
मग आई रिकामी काटवट पुढं ओढते
आणि तिच्यावर तळहातानं थापते,
पाच-सहा वेळा, भाकरीच्याच चालीनं.

बाहेर
तांब्याचा आवाज होतो.