जुना नंबर

क्लेम उघडला की ओटीपी
माझ्या जुन्या नंबरावर जातो.
सिम कंपनीचं होतं. राजीनाम्याच्या दिवशी, नाही,
राजीनामा नव्हे, ते लिहाल तर दिरहमही मिळणार नाही,
टायपिंग सेंटरवालीनं दोनदा बजावलंय,
काढून टाकल्याच्या दिवशी परत केलं,
हेल्मेट आणि गेटपासासोबत.

आता रोलाच्या बाकावर बसून
मी मलाच फोन लावतो.
पलीकडे टेकबहादूर उचलतो.
"आला, भाई. चार, शून्य, शून्य, सात..."
सहावा आकडा येईस्तोवर वेळ संपते.
"फिरसे भेजो," म्हणतो, न कंटाळता.

पहिला हप्ता जमा झाला. दुसरा परत गेला.
बँकेत मी झिलू सखाराम,
पासपोर्टात झिलूसखाराम, सलग.
एवढ्या लांब नावानं
आयेनंही कधी हाक मारली नाही.

काल त्यानं विचारलं,
ड्रॉवरात कंगवा सापडलाय, तुझा का?
म्हटलं, राहू दे तुला.
मग कुणीच बोललं नाही.
मागे मिक्सर ऐकू येत होता,
डावीकडचा, तो अडखळणारा.

"ग्रीस लाव रे त्याला," मी म्हणालो.

आकडे तोवर शिळे झाले होते.