सुमावली कुठे आहे

पुणतांबेकरांनी जाताना किल्ल्यांचा जुडगा दिला,
एक पेनड्राइव्ह दिला, तो उघडत नाही,
आणि म्हणाले, "बाकी सगळं चालतंच आहे."
चालतंच आहे, हाच घोर.
चालत्या गोष्टीला कोणी विचारत नाही
तू कशावर उभी आहेस.

जनकगंजातलं हे ट्रस्टचं इस्पितळ, तीन मजले,
बावीस वर्षं ओढत आणलेल्या वायरी.
जिन्याखालच्या कपाटात निळ्या, करड्या, एकच पिवळी.
पिवळीवर मास्किंग टेप: "इसे न छेड़ें. पु."
का, ते नाही. तारीख मात्र आहे, दोन हजार अकराची.

मी वही घेतली, हिशेबाची, दोनशे पानी.
कंप्यूटरवर लिहिता आलं असतं,
पण ज्या रात्री हे लागेल
त्या रात्री कंप्यूटरच बंद असणार.

पहिला रविवार नुसत्या वायरी मोजल्या.
दुसऱ्या रविवारी एक टोक मी धरलं, दुसरं नफीसनं,
आणि जिन्यातून ओरडत राहिलो:
"आली?"
"नाही."
"आता?"
"कुठलीतरी आली."
वॉर्डातल्या एक आजी बादली घेऊन बाहेर आल्या.

स्विचना त्यांनी आकडे दिले नव्हते, नावं दिली होती.
घोसीपुरा. मोतीझील. बामोर. जौरा. कैलारस. सबलगढ.
आठवडाभर मला वाटलं, देणगीदारांची गावं असतील.
मग नफीस म्हणाला, "मॅडम, ये तो छोटी लाइन है."
त्याचे आजोबा तिच्या टपावर बसून जौऱ्याला जायचे,
मांडीवर कोंबडी.
ती गाडी केव्हाच बंद झाली,
आणि इथं जिन्याखाली
एक एक स्टेशन हिरवे दिवे मिचकावत जागं.

तेव्हा कळलं कोण कुणाच्या पाठीमागे आहे.
घोसीपुरा पडलं तर पुढं काहीच नाही.
कैलारस पडलं तर फक्त सबलगढ जाईल, म्हणजे बिलं,
आणि बिलं सकाळपर्यंत थांबू शकतात.
हे मी लाल शाईनं लिहिलं.

एक मात्र सापडेना.
सुमावली.
हाक मारली की ओ देते, न चुकता,
पण भिंतीवर नाही, कपाटात नाही,
गच्चीवर टाकीपाशी नाही.

फोन केला. ते आता मुलीकडे, नागपूरला.
मागे कुणाचं तरी कार्टून चाललेलं.
"काका, सुमावली कुठे आहे?"
थोडा वेळ काहीच नाही. मग अगदी खात्रीनं,
"बामोरच्या पुढं. जौऱ्याच्या अलीकडे."
"पण इस्पितळात कुठे?"
"चहा चांगला मिळायचा तिथं."
मग मुलीनं फोन घेतला. म्हणाली, हल्ली असंच असतं.

वहीत "माहीत नाही" लिहिलं होतं. ते खोडलं.
बामोर म्हणजे एक्स-रेचं दार. जौरा म्हणजे लॅब.
मधे काय आहे?
मधे चादरींची खोली.
रात्री साडेअकराला, इस्त्री गार झाल्यावर,
आत जाऊन उभी राहिले, पंखा बंद केला.
खोट्या छताच्या वर काहीतरी घुरघुरत होतं,
झोपलेल्या मांजरासारखं,
बारीक, अखंड.

हात लावला नाही.

पान एकोणचाळीस:
"सुमावली. चादरींच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलाच्या बरोबर वर, छतात.
पिवळी वायर इथंच येते. अख्खी लॅब हिच्यावर आहे.
रात्री रिपोर्ट अडले तर आधी इथं बघा.
शिडी लागेल. शिडी बाथमजी माळ्याकडे असते,
ते मागच्या फाटकापाशी झोपतात,
मोठ्यानं हाक मारा, डाव्या कानानं ऐकू येत नाही.
छत पोकळ आहे, भार लाकडी पट्टीवर द्या."

खाली माझा नंबर लिहिला.
पेन बंद केलं, पुन्हा उघडलं,
आणि त्याखाली:
"नंबर लागला नाही
तर जौऱ्यापासून मागं मोजत या."