शट्टुप्पांच्या बरण्या

बेळगावात आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्राच्या खोलीत
उत्तरेकडच्या कपाटात समुद्र होता.
सत्तेचाळीस बरण्या.
किल्ली शट्टुप्पा मुतगेकरांच्या करगोट्याला.

खरा समुद्र त्यांनी बघितला नव्हता.
"जायाचं जायाचं म्हणून ऱ्हाऊनच गेलं की,"
म्हणायचे, आणि फॉर्मॅलिन उडालेल्या बरणीत
दुधाच्या मापानं भर घालायचे
डोळे पुसत.
त्या वासानं सगळ्यांनाच रडू यायचं.

घोडामासा, शेपटीनं स्वतःलाच धरून.
पाखट, पोटाकडून हसरी.
लेप: दोन्ही डोळे एकाच गालावर,
दुसरा गाल जन्मभर वाळूला दिलेला.
समुद्रकाकडी, जी काकडी नव्हे.
तारामासा, जो मासा नव्हे;
त्याचा एक हात तुटका
आणि तुटल्या जागी मुगाएवढा कोंब,
अर्ध्यात राहिलेला.
सगळ्यात खाली, जड म्हणून,
मुशीचं पिल्लू, नाळेसकट.

चिठ्ठ्या दोन लिप्यांत.
मराठी शट्टुप्पांच्या हातची, कन्नड हिरेमठ मॅडमच्या.
मोर्च्याच्या वर्षी कुणीतरी कपाट फोडून
त्यातली एक बाजू ब्लेडनं खरवडली.
कुठली, ते मी सांगत नाही.
सोमवारी शट्टुप्पा भाताची पेज घेऊन बसले,
मॅडम शाई घेऊन.
"वास तर दोन्हीकडं सारखाच मारतोय," म्हणाले,
"मग ह्यांना नाव कुठनं वेगळं येतंय काय की."

मे महिन्यात मुशीची बरणी तडकली.
प्राचार्य म्हणाले, टाकून द्या.
दुसऱ्या दिवशी पिल्लू होतं
पिवळ्या झाकणाच्या उंच बरणीत,
तळाशी मोहरीचा एक दाणा.
"बायको बोलत नाही," शट्टुप्पा म्हणाले.
"यंदा लोणचं नाही आमच्यात."

त्याच आठवड्यात मला प्लवक हवे होते, स्लाइडसाठी.
पुस्तकात लिहिलेलं: बारीक जाळं, होडी, पहाट.
आमच्याकडे पहाट तेवढी होती.
शट्टुप्पा मला कॅम्पातल्या मासळी बाजारात घेऊन गेले.
अनमोडच्या घाटातनं रात्री चढलेला टेम्पो,
बर्फ, भुसा,
आणि खैरुन्निसा, मोडा घालून बसलेली.
"समुद्र पाहिजे पोरीला," शट्टुप्पा म्हणाले, "बारका."

तिनं काही विचारलं नाही.
तारली उचलली, नखानं पोट उघडलं,
आतलं हिरवट गाळासारखं काहीतरी
कालच्या पेपरवर काढून ठेवलं.
"हे खाते ती. तिला सुरमई खाते.
सुरमईला तुमच्या बरणीतल्याची आई."
मग पावशेर तारल्यांचे पैसे घेतले,
पोटातल्याचे नाही.

थेंबभर पाणी. काचेवर काच.
आधी नुसता चिखल.
मग भिंग सरकवलं आणि
गोल, तिकोनी, होडीसारख्या,
नथीच्या मोत्यासारख्या ओळीनं जोडलेल्या,
जाळी कोरलेल्या, पारदर्शक
शेकडो. एकासारखी दुसरी नाही.
मधेच एक तुटकं पाय-मिशांचं जनावर,
अजून एकाच डोळ्यानं लाल.

मी शट्टुप्पांना स्टूल दिलं.
ते उभेच राहिले, वाकून, कितीतरी वेळ.
मी सांगितलं, डायटम. अंगाभोवती काच असते,
खाली डबी, वर बसतं झाकण,
आणि आपल्या श्वासातला बराचसा...
ते ऐकत नव्हते.
"ह्याबी बरण्याच की गं," म्हणाले.
"झाकणासकट."
मग, भिंगावरून डोळा न काढता:
"ह्यांच्यात भर कोण घालतंय?"

अठ्ठेचाळीस नंबर लिहून त्यांनी चिठ्ठी कापली.
नाव विचारलं.
मराठी मला येत नव्हतं.
मॅडम दारात थांबल्या, आठवून बघितलं,
कन्नडही सापडेना.

चार वाजेपर्यंत थेंब वाळला.
तारल्या शट्टुप्पांनी घरी नेल्या, डब्यातनं,
तिरफळं घालून करायला सांगणार होते,
बायको बोलली तर.
चिठ्ठी अजून माझ्या वहीत आहे:
वर आकडा,
दोन्ही बाजू कोऱ्या,
कडेला पेजेचा डाग.